एन बरोबर वीस

माझ्या गणितानुसार माझी आत्या तीन वर्षांपूर्वी संपायला हवी होती. ती संपली नाही. भवानीनगरला स्वतःच्या घरात खिडकीपाशी खुर्ची टाकून बसते, शहात्तर वर्षांची झाली आहे, गुडघे सोडले तर तिचं काही दुखत नाही, आणि मी दारात दिसले की म्हणते, "आली व्हय माझी वर्षं मोजणारी?" शेजारणींना यातलं काही कळत नाही. त्या हसतात, मीही हसते. गणिताच्या शिक्षिकेनं हसतमुख असावं, असं आमच्या शाळेतही सांगतात.

ते गणित मी केलं तेव्हा वीस वर्षांची होते आणि बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षाबद्दल कुणी विचारलं की मला आधी झोप आठवते. शेळगावात आमची साडेचार एकर, सगळी पाण्याखालची, बागायती. निम्म्यात पेरू, उरलेल्यात कधी टोमॅटो, कधी भेंडी. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, तिला परीक्षा वगैरे कळत नाही. हाताला लव टोचू नये म्हणून तात्यांचे जुने पायमोजे हातात चढवून आई आणि मी सरीत शिरायचो आणि उन्हं वर यायच्या आत दोन क्रेट भरायचो. तात्या म्हणजे माझे वडील. ते बांधावर बसून पेरू कागदात गुंडाळायचे, आणि गुंडाळता गुंडाळता त्या जुन्या पेपरातली बातमी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. बातमी अर्धी असायची, कारण उरलेली आधीच्या पेरूभोवती गेलेली. एखाद्या खटल्याचा निकाल काय लागला हे मला आजवर कळलेलं नाही. मग हातपाय धुऊन, भाकरीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून मी फाट्यावर धावायचे. एस.टी.त उभ्याउभ्या झोपायची कला मला याच मार्गावर साधली. साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात शिरला की भवानीनगर आलं, आणि पिंपळी गाव मागं पडलं की वह्या सावरायच्या. डोळे उघडायची गरज नव्हती.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक ऐच्छिक विषय घ्यायचा होता. इतरांनी कुठलं तरी भारी नावाचं बीजगणित घेतलं. मी फायनान्शियल मॅथेमॅटिक्स घेतलं, कारण त्याचा तास दुपारी होता आणि दुपारी वर्गात पंखा चालू असायचा. सरही आमच्याइतकेच दमलेले वाटायचे. विषय त्यांनाही नवा होता. आदल्या दिवशी वाचलेलं ते दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगत, आणि हे त्यांनी पहिल्याच तासाला कबूल करून टाकलं होतं. "आजचा रुपया आणि पुढच्या वर्षीचा रुपया हे दोन वेगळे रुपये आहेत," एवढं वाक्य फळ्यावर लिहून ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला ते वाक्य फार आवडलं. आमच्या घरी पेरूचा आजचा रुपया आणि उद्याचा रुपया यांत केवढा फरक असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. वाटलं, हा विषय आपलाच.

पहिल्या चाचणीत माझा तो भ्रम गेला. एक हजार रुपये बारा टक्के चक्रवाढ व्याजानं दहा वर्षं ठेवले तर किती होतील, असा सोपा प्रश्न होता. आता आमच्याकडं टक्का म्हटलं की तो महिन्याचाच. दोन टक्के म्हणजे शंभराला महिन्याला दोन. वर्षाचा टक्का नावाची वस्तू आमच्या गावात मी तोवर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. मी इमानेइतबारे दहा वर्षांचे एकशे वीस महिने केले, एकशे वीस वेळा बारा टक्के चढवले आणि उत्तर लिहिलं: ऐंशी कोटी. खरं उत्तर तीन हजार एकशे सहा. सरांनी पेपर परत देताना माझा शेवटपर्यंत राखून ठेवला. "या ताईंनी हजार रुपये ठेवले आणि ऐंशी कोटी घेऊन निघाल्या," ते जरासुद्धा न हसता म्हणाले. "बँकेचं पुढं काय झालं, ते त्यांनी लिहिलेलं नाही." वर्ग हसला. मग सर मला म्हणाले, "काही सांगितलं नसेल तर दर वर्षाचा धरायचा. हे डोक्यात पक्कं बसवा." मी ते वहीत लाल पेनानं लिहिलं, भोवती चौकट केली आणि डोक्यात इतकं पक्कं बसवलं, की तिथून ते आजतागायत निघालेलं नाही. पुढं जे झालं ते त्या लाल चौकटीमुळं.

आत्या तात्यांची थोरली बहीण. तात्या तिला आक्का म्हणायचे. तिचे यजमान भवानीनगरला कारखान्यात कामाला होते आणि ती दोघं तिथल्याच वसाहतीत दोन खोल्यांत राहायची. मूलबाळ नाही. दर दिवाळीला ती आठ दिवस माहेरी यायची, आणि ती आली की घराचा आवाज बदलायचा. आई एरवी कमी बोलणारी. आत्या आली की दोघी चुलीपाशी बसून अख्ख्या गावाची झडती घ्यायच्या. ती आली की हुलग्याची शेंगोळी व्हायची. पिठाच्या बारीक वळ्या ती एका हातानं भराभर वळायची, लसणाच्या उकळत्या पाण्यात सोडायची, आणि माझ्या वळ्या बघून म्हणायची, "ही शेंगोळी हाय का पाईपलाईन?" जाताना तिच्याबरोबर दोन साड्या, अर्धं पोतं गहू, पेरूचा एक क्रेट, आणि तात्या तिला एस.टी.त बसवून द्यायचे ते थेट तिच्या दारापर्यंत सोबत जाऊन. असं माझ्या जन्माच्या आधीपासून चाललेलं होतं.

आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर तात्यांच्या नावाखाली आत्याचंही नाव लागलं. जो तो तात्यांना सांगायला लागला, बहिणीकडनं हक्कसोड करून घ्या. सगळ्या गावात बहिणी सही करत होत्या. साडी नेसून इंदापूरला जायचं, सही करायची, हॉटेलात भजी खायची आणि परत यायचं. तात्यांना ते जमेना. एक दिवस पेरू गुंडाळता गुंडाळता ते मला म्हणाले, "तुमच्या त्या पुस्तकात असं काही हाय का गं, की आक्काला आपण वर्षाला जे देतोय ते समदं एकदाच द्यायचं झालं, तर किती हुईल? मला फुकट सही न्हाय घ्यायची."

होतं. नेमकं तेच त्या आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं. दरवर्षी ठरावीक रक्कम मिळत राहणार असेल, तर तिची आजची किंमत किती. सर फळ्यावर पेन्शनीचं उदाहरण देत होते आणि मला समोर आत्याची दिवाळी दिसत होती. माझ्या आयुष्यात शिकलेली गोष्ट तिसऱ्याच दिवशी कामाला येण्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग. (जमिनीच्या वाट्याची किंमत काढावी, हे तात्यांना सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तो प्रश्न कुणी घातलाच नव्हता, आणि मी न घातलेले प्रश्न सोडवणारी विद्यार्थिनी नव्हते.)

सूत्राला तीन गोष्टी लागत होत्या. पहिली, वर्षाची रक्कम. साड्या, गहू, पेरू, आठ दिवसांचं जेवण, जाण्यायेण्याचं भाडं धरून आईनं चार हजार सांगितले. दुसरी, दर. तात्या हौदावर पाय धूत होते. मी विचारलं, "तात्या, दर किती धरू?" ते म्हणाले, "दोन टक्के. सगळीकडं त्योच चाललाय." मी लिहिलं, दोन टक्के, आणि लाल चौकट आठवून पुढं लिहिलं, दर साल. तिसरी गोष्ट होती एन. एन म्हणजे किती वर्षं. ते एकटी आत्याच सांगू शकत होती.

दिवाळीला ती आली तेव्हा चुलीपाशी मी तिला विचारलं, "आत्या, तू अजून किती वर्षं जगशील?"

आईच्या हातातली पळी थांबली. आत्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "का गं? तुला काय घाई हाय का?"

"गणितात लागतंय."

"कुठलं कॉलेज हाय म्हनायचं हे." तिनं एक वळी पाण्यात सोडली. मग मी सगळं सांगितलं. तात्या काय म्हणाले, सूत्र काय आहे, सगळं. ती ऐकत राहिली, वळत राहिली. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. पीठ संपल्यावर हात धुऊन म्हणाली, "वीस धर. त्याच्या म्होरं जगलेल्या बाईला कोन इचारतंय?"

एन बरोबर वीस. उत्तर आलं पासष्ट हजार चारशे सहा रुपये. मी आखीव कागदावर सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून तात्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, परत वर गेले, मधे एका जागी बराच वेळ थांबले. "दोनदा तपासलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तीनदा. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि भेंडीला पाणी द्यायला निघून गेले. आमच्याकडं पासष्ट हजार होते, तेही मला माहीत होतं. दोन बहारांचे पैसे तात्यांनी पोस्टात ठेवले होते. माझ्या पुण्याला एम.एस्सी.ला जाण्यासाठी, दोन वर्षांच्या राहण्याखाण्यासाठी. मला वाटलं, आणखी एखादा बहार येईल. वीस वर्षांच्या माणसाला नेहमी आणखी एखादा बहार येणार असतो.

सहीचा दिवस ठरला. त्याच्या आठ दिवस आधी आई भाकरी थापत होती आणि मी ताटात घेऊन बसले होते. आई बायकांच्या बचतगटात होती, तिथल्या कुणाची तरी कागाळी सांगत होती. "दोन टक्के म्हंजी काय लई हाय का? शंभराला म्हयन्याला दोन. तेवढं बी द्यायला तिला जड जातंय." महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. तात्यांचे दोन टक्के महिन्याचे होते. ते महिन्याचेच असणार, मी याच घरात जन्मले होते, हे मला झोपेतसुद्धा कळायला हवं होतं. पण ऐंशी कोटींचं हसू मी इतकं मनाला लावून घेतलं होतं की आपल्या गावची भाषाच विसरले. उष्ट्या हातानं मी वही ओढली. चोवीस टक्क्यांनी उत्तर आलं सोळा हजार चारशे एक्केचाळीस. दोन्हीकडं चारशे तेवढे तेच. मधे जवळजवळ एकोणपन्नास हजार, म्हणजे माझं पुणं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून परतताना मी मळीचा वास येताच डोळे उघडले आणि भवानीनगरला उतरले. आत्याला आधी सांगावं, मग तात्यांना. आत्या वसाहतीत नव्हती. यजमान निवृत्त होणार होते, खोल्या सोडायच्या होत्या, म्हणून पलीकडं अर्धा गुंठा जागा घेऊन दोघांनी घर काढलं होतं. ते खिडकीच्या उंचीपर्यंत येऊन थांबलेलं. आत्या विटांच्या ढिगावर बसून पाणी मारणाऱ्या गवंड्याला सूचना देत होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं मला हाताला धरून सगळं घर हिंडवलं. घर म्हणजे चार अर्ध्या भिंती. "ही खिडकी. हितं मी खुर्ची टाकून बसनार. आन् ओटा हितं. गवंडी म्हनतोय समद्यांचा असतो तेवढा उंच करू. मी म्हनलं, समद्यांचा नगं, माझ्या कमरंएवढा कर. आख्खं आयुष्य दुसऱ्याच्या मापाच्या चुलीपाशी काढलं." तिनं विटा रचून उंची दाखवली. "तू कशापायी उतरलीस?" तिनं विचारलं.

"पाणी प्यायला," मी म्हटलं.

इंदापूरला कचेरीत कारकुनानं दस्त वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने.' तसंच लिहायची पद्धत होती. आत्याच्या काखेतल्या पिशवीत पासष्ट हजार चारशे सहा रुपये होते. ते सहा रुपयेसुद्धा तात्यांनी सुटे आणून दिले होते. कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना, मावशी?" "व्हय," आत्या म्हणाली, "गणित करून सोडतीय." तिनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं. मग आम्ही भजी खाल्ली.

उन्हाळ्यात निकाल लागला. मला त्या विषयात सगळ्यात जास्त गुण होते, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. तात्या पेरू गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "यंदा पुण्याचं काय जमंल असं वाटत न्हाय. बघू, म्होरल्या साली." मी म्हटलं, बरं. म्होरल्या साली बी.एड. झालं, मग लग्न, मग इंदापूरला शाळा. गेली अठरा वर्षं मी आठवीला सरळव्याज आणि चक्रवाढव्याज शिकवते आहे, आणि दर वर्षी पहिल्या तासाला सांगते, दर वर्षाचा की महिन्याचा ते आधी विचारा. मुलं ते लाल पेनानं लिहून घेतात आणि विसरतात. त्यांचं बरं आहे.

आत्यानं मात्र व्यवहार चोख पाळला. त्या वर्षीच्या दिवाळीला तात्या साड्या घेऊन गेले, तर तिनं त्या परत दिल्या. "ह्याचं पैसं मी आधीच घेतल्यात." गहू नाही, पेरू नाही. आठ दिवसांचं राहणंही त्या चार हजारांत धरलेलं होतं, तेव्हा ती भाऊबीजेला सकाळी यायची, ओवाळायची, स्वतःच्या डब्यातली भाकरी खायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. आई चुलीपाशी एकटी बसायची. तात्या दर वर्षी साडी आणायचे आणि दर वर्षी ती कपाटात ठेवायचे. सूत्रात हे कुठं बसवायचं, ते सरांनी शिकवलं नव्हतं. तात्या एन पुरा व्हायच्या बरेच आधी वारले. कपाटात तेव्हा चौदा साड्या निघाल्या.

वीस वर्षं पुरी झाली त्या दिवाळीला आत्याचा स्वतःहून फोन आला. "वीस झाली का न्हाय गं? मोज. झाली असली तर साडी आन. गहू नगं, पचत न्हाय." तेव्हापासून मी जाते. तात्या नाहीत, दुसरं भावंड मला नाही. सातबाऱ्यावर आता आईचं आणि माझं नाव आहे. आत्यानं सोडलेला वाटाही त्यातच आला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण इतकी वर्षं मनातल्या मनात मी स्वतःला फार मोठी त्यागमूर्ती समजत आले. चूक कळूनही गप्प बसले, पुणं सोडलं, आत्याचं घर झालं. शाळेत कधी अपमान झाला, घरी कधी भांडण झालं, की मी तो त्याग काढून पुसून परत ठेवायचे. त्यावर चक्रवाढही बरंच चढलं होतं.

या दिवाळीला आत्याच्या हातून वळ्या होईनात, म्हणून मी तिच्या कमरेएवढ्या ओट्याशी वाकून वळत होते. ओटा मला बुटका पडतो, पाठ भरून येते. आणि का कोण जाणे, तेवीस वर्षांनी मी तिला सांगितलं. की माझं गणित चुकलं होतं. दोन टक्के महिन्याचे होते. तुला सोळा हजारच मिळायला हवे होते.

आत्या खुर्चीतून म्हणाली, "ठावं हाय की."

माझ्या हातातली वळी तुटली.

"तात्या तुझा कागद घिऊन आला हुता हितं. तवा नुस्त्या इटा हुत्या. म्हनला, आक्का, पोरीनं म्हयन्याचं वर्साला लावलंय. मी म्हनलं, मग दुरुस्त कर. तर म्हनला, कॉलेजात शिकतीया ती, तिचं चुकलं म्हनायला मी कोन? तिच्या हिशोबानंच दिऊ." ती थोडी हसली. "लई खूश हुता. जसं काय घबाड गावलंय."

म्हणजे कागद वाचताना ते मधेच थांबले होते, ते तिथं. त्यांना माहीत होतं, आणि पोस्टातले पैसे कशासाठी आहेत, तेही माहीत होतं. माझ्या चुकीच्या आडून त्यांनी बहिणीचं घर बांधलं आणि माझं पुणं खर्चून टाकलं, मला एका शब्दानं न विचारता. आणि मी ज्याला तेवीस वर्षं माझा त्याग म्हणत होते, तो माझा नव्हताच. रागवावं की रडावं ते कळेना, म्हणून मी वळ्या वळत राहिले. मला फार दमल्यासारखं झालं. त्या वर्षी भेंडीच्या सरीत व्हायचं तसं.

"एक मातुर त्यो कधी बोलला न्हाय," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली. "एवढं पैसं आनलं कुठनं? मी लई डाव इचारलं. शेवटपत्तुर सांगितलं न्हाय. मला रुखरुख हाय बघ त्याची. तुला ठावं हाय का गं?"

लसणाचं पाणी उकळायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

"पेरू चांगला गेला होता त्या वर्षी," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," आत्या म्हणाली. तिनं खुर्चीतून पुढं वाकून ताटात बघितलं. "शेंगोळी बारीक वळ. पाईपलाईन करतीयास नुस्ती."